पहिला खांदा नॉर्वेचा

यंत्राला थाप मारणे हा माझा व्यवसाय आहे. माणसांना मारलेल्या थापा पचत नाहीत हे लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात कळलं. यंत्रं मात्र अजूनही माझ्यावर विश्वास ठेवतात. विश्रामबागेत माझं गेमच्या कन्सोलांच्या दुरुस्तीचं दुकान आहे. आधी टीव्ही शिकलो, मग व्हीसीआर, मग सीडी प्लेअर. मी जे यंत्र शिकतो ते बाजारातून उठतं, असं बायकोचं निरीक्षण आहे. कंपन्यांनी नवा माल काढला की 'चौगुले शिकले का?' एवढी चौकशी करावी आणि शिकले असतील तर कारखाना बंद करावा, असं ती येणाऱ्याजाणाऱ्याला सांगते.

गिऱ्हाइकंही माझ्या योग्यतेची मिळतात. खंडेनवमीला आपल्याकडे हत्यारांची पूजा असते. दसरा उलटला की माझ्याकडे कन्सोलांची रांग लागते. हळदीच्या पेठेतल्या एका व्यापाऱ्याचा कन्सोल उघडला, तर पंख्याच्या पात्यांना हळद, बोर्डावर कुंकू आणि आत झेंडूची अख्खी पाकळी. मी वर बघितलं तर शेठ म्हणाले, "काळजी करू नका, हळद घरची हाय. भेसळ न्हाई."

पण या दिवाळीत सांगायची आहे ती दुसऱ्याच धंद्याची गोष्ट. आधी तो धंदा समजावून देतो. घाबरू नका, मला समजला म्हणजे तो फार अवघड नसणार.

जुन्या कन्सोलांत 'लॅन'चा खेळ असे. दोन कन्सोल एकाच घरात, मध्ये वायर आणि दोन माणसं एकाच खोलीत एकमेकांना शिव्या देत खेळणार. कन्सोल वायरीत हाक मारतो, "हाय का रं कोन?" दुसरा म्हणतो, "हाय की!" झाली ओळख, सुरू खेळ. ही हाक घरातल्या राउटरपाशी थांबते, तो तिला उंबऱ्याबाहेर जाऊ देत नाही. त्यामुळे पोरं शिकायला, नोकरीला पांगली की ते खेळ मेले.

जगभरातल्या काही भल्या रिकामटेकड्यांना याचं वाईट वाटलं. त्यांनी एक प्रोग्रॅम लिहिला. तो फुकट आहे आणि ओपन सोर्स आहे. म्हणजे आतलं सगळं लिखाण उघडं, कुणीही वाचावं, कुणीही दुरुस्ती सुचवावी. तुमचा लॅपटॉप कन्सोलची हाक ऐकतो, पाकिटात घालतो आणि इंटरनेटवरून दुसऱ्या गावच्या लॅपटॉपला धाडतो. तो पाकीट फोडून तिथल्या कन्सोलच्या कानात हुबेहूब त्याच आवाजात ओरडतो. दोघांनाही वाटतं, आपण एका खोलीत आहोत. थाप ती एवढीच.

माझी पहिली थाप साताऱ्यात लागू पडली. तिथले एक निवृत्त सुभेदार आणि आष्ट्यात राहणारे त्यांचे जुने हवालदार यांना रणगाड्यांचा खेळ जोडून दिला. दोघांचे रणगाडे एका पडद्यावर उभे राहिले तेव्हा माझ्या डोळ्यांत पाणी आलं. ते वाळून गेलं तरी रणगाडे हलेनात. वायर तपासली, लॅपटॉप बंद-चालू केला. शेवटी हवालदारांना फोन लावला. ते शांतपणे म्हणाले, "हुकूम न्हाई आला." इकडे सुभेदार म्हणत होते, "त्याचा रिपोर्ट आल्याशिवाय मी हुकूम कसा देऊ?" शत्रूने येऊन दोघांना उडवलं. दोघंही समाधानाने चहा प्यायले.

ही कीर्ती कशी कोण जाणे, विट्याकडे गेली.

एका सकाळी दुकानात उंचच्या उंच म्हातारा आला. पांढरा पटका, दाराची चौकट चुकवायला मान वाकवलेली. काउंटरपाशी येऊन त्याने आत डोकावून विचारलं, "मेकॅनिक कुठायत?"

"मीच."

त्याने काउंटरवरून वाकून माझ्याकडे नीट बघितलं. "बसलायसा का हुबं हायसा?"

"उभाच आहे."

"असू द्या," तो म्हणाला, जणू हा दोष तो पोटात घालायला तयार होता.

हे आबा. विट्याजवळच्या एका गावचे. गावाचं नाव सांगत नाही, कारण तिथल्या दोन्ही आळ्यांचे कन्सोल माझ्याकडे दुरुस्तीला येतात. त्या गावची निम्मी माणसं गलाईच्या धंद्यात आहेत. जुने दागिने वितळवून सोनं शुद्ध करायचं आणि त्यासाठी देशातल्या कुठल्याही शहरात जाऊन राहायचं. सगळे गावी परत येतात ते यात्रेला. यात्रेत पालखी देवळातून वेशीपर्यंत जाते. तिच्या दांड्याच्या पुढच्या टोकाला पहिला खांदा द्यायचा मोठा मान. हा मान वरल्या आळीचा का खालल्या आळीचा, हे पूर्वी बैलगाडीच्या शर्यतीत ठरायचं.

मग शर्यती बंद झाल्या. त्या काळात दोन्ही आळ्यांच्या पोरांनी चेष्टेत कन्सोल जोडून मोटारींची शर्यत लावली आणि गावाने ती गंभीरपणे घेतली. पुढे बैलांच्या शर्यती परत सुरू झाल्या, पण तोवर गलाईवाल्यांकडे बैल उरले नव्हते आणि कन्सोल प्रत्येकाकडे होता. प्रथा पडली ती पडली.

"माझ्या बानं दिलाय खांदा," आबा म्हणाले. "मी न्हाई. आमच्या वरल्या आळीचा हणमंता दर वरसाला मागं पडतोय. पर मी खांदा मोडू दिला न्हाई, हे बघा." त्यांनी बंडी सरकवली. उजव्या खांद्यावर बैलाच्या मानेला असतो तसा घट्टा होता. अंगणात एक सागवानी वासा ठेवलाय आणि रोज सकाळी तो खांद्यावर घेऊन वेशीपर्यंत जाऊन येतात, असं कळलं. गावातले लोक रस्त्यात थांबून "आबा, पालखी कुठवर आली?" असं विचारतात. ते म्हणतात, "येतीया."

"मग यंदा अडचण काय?"

"हणमंता गुवाहाटीला. त्याच्या बायकूला नववा म्हैना लागलाय. त्यो येत न्हाई. खेळनारा हजर नसला तर डाव खालल्या आळीला. आन् म्होरच्या वरसाला," त्यांनी खांद्यावर हात फिरवला, "म्होरच्या वरसाचं कुनी सांगावं?"

मी म्हणालो, "आबा, हणमंता गुवाहाटीत बसून गावात हजर राहील."

असं बोलण्याची माझी सवय घातक आहे. पण आबांनी तेव्हाच पटका काढून कपाळ पुसलं आणि मग माघार घेणं मला जमेना.

यात्रेचे पंच होते तात्या. आयुष्यभर बैलगाड्यांच्या शर्यतीत झेंडा धरलेला माणूस. दोन बैलांची नाकं एका रेषेत आली तरी पहिलं नाक कुणाचं हे सांगणारा. त्यांना मी पाकिटाचं, हाकेचं सगळं समजावलं. ते डोळे मिटून ऐकत होते. शेवटी म्हणाले, "म्हंजे मशिनीला वाटनार का हणमंता हितंच हाय?"

"हो."

"मशिनीला वाटलं, तर मलाबी वाटंल. माझी हरकत न्हाई."

खालल्या आळीचा तानाजी तमिळनाडूत दुकान चालवतो आणि शर्यतीत बाप माणूस. तो हसून म्हणाला, "गुवाहाटीस्नं येऊ दे, न्हाईतर चंद्रावरनं. मागंच ऱ्हानार हाय."

आता माझ्या कर्तबगारीकडे येतो. कन्सोल अगदीच भोळा नसतो. हाकेला ओ यायला किती वेळ लागला ते तो मोजतो आणि उशीर झाला की 'हा गडी खोलीत नाही, परगावी आहे' हे ओळखतो. म्हणून आपला प्रोग्रॅम कन्सोलच्या जवळ बसून परस्पर ओ देतो. पण किती लांबच्या माणसासाठी अशी खोटी ओ द्यायची याला एक मर्यादा घातलेली होती. गुवाहाटी त्या मर्यादेच्या जरा बाहेर पडत होती. मी तो आकडा वाढवला आणि सुधारणा म्हणून त्या मंडळींकडे पाठवली. 'ओल्डकेबल' असं टोपणनाव घेतलेल्या कुणीतरी त्यावर उंचावलेला अंगठा पाठवला आणि माझी ओळ मुख्य प्रोग्रॅमात गेली. मी घरी पेढे आणले. आकड्यात एक शून्य जास्त पडलं होतं, हे मला दिसलं नाही, अंगठेवाल्यालाही दिसलं नाही. माझ्या त्या शून्यामुळे पृथ्वीवरचा कुठलाही माणूस आता कन्सोलच्या खोलीत शेजारी येऊन बसू शकत होता.

दुसरी कर्तबगारी पासवर्डची. खेळाची जी 'खोली' उघडतो तिला मी पासवर्ड लावला होता. हणमंताला तो काही केल्या टाइप होईना. प्रत्येक वेळी फोन. "मेकॅनिक, घेत न्हाई." शेवटी वैतागून मी पासवर्डच काढून टाकला. पासवर्ड नसलेली खोली प्रोग्रॅमच्या यादीत जगभर उघडी दिसते, पण एवढ्या जुन्या खेळाच्या खोलीत येणार कोण?

यात्रेच्या दुपारी देवळासमोरच्या मांडवात मोठा पडदा लावला. तानाजीचा कन्सोल त्याला जोडला. शेजारी एका टीव्हीवर हणमंताचा व्हिडिओ कॉल. तो गुवाहाटीत खेळत होता आणि त्याच्या टीव्हीसमोर बायको फोन धरून बसली होती. धरून म्हणजे पोटावर टेकवून. पोटातलं पोर हललं की गुवाहाटीत भूकंप झाल्यासारखं चित्र हादरायचं.

खोली उघडी ठेवायला माझाही एक कन्सोल जोडलेला होता, त्यामुळे शर्यतीत माझीही लाल गाडी होती. ती चालवायचा प्रश्नच नव्हता. ज्या एक्स्टेन्शन बोर्डावर सगळा डोलारा उभा होता त्याची पिन ढिली होती आणि मी ती अंगठ्याने दाबून गुडघ्यावर बसलो होतो.

माइकवर बैलगाड्यांचा निवेदक. "निळी गाडी खालल्या आळीची! हिरवी वरल्या आळीची! लाल मेकॅनिकची, ती हालनार न्हाई! आन् पांढरी..." तो थांबला. "पांढरी कुनाची रं?"

मी मान वर केली. पांढऱ्या गाडीवर लिहिलं होतं: ओल्डकेबल.

लॅपटॉपकडे जावं म्हणून मी उठू लागलो. पण पिन सोडली तर सगळंच विझणार. आणि उलटी मोजणी सुरू झाली होती.

"सुटल्या गाड्या! आली आली आली! निळी आली! हिरवी घासून आली! आन् पांढरी... पांढरी गेली कुठं?" लांबून येणाऱ्या गाडीची चाल पडद्यावर सलग दिसत नाही. पांढरी गाडी एका वळणावर नाहीशी व्हायची आणि पुढच्या वळणावर उगवायची. "पांढरी आडरानातनं आली! बांधावरनं आली! आरं, काय गाडी हाय का भूत?" माणसं उभी राहिली. मांडवाच्या खांबाला धरून आबा पडद्यावरच्या हिरव्या गाडीला बैलासारखं चुचकारत होते, "हाँ... हाँ माझ्या राजा..."

पांढरी पहिली आली.

"दुसरा नंबर आमचा!" तानाजी ओरडला. मोठ्या पडद्यावर तसंच दिसत होतं. पण शेजारच्या टीव्हीवर, हणमंताच्या पडद्यावर, हिरवी दुसरी आणि निळी तिसरी होती. अशा जोडणीत असं होतं. प्रत्येक यंत्राला आपल्या गड्याची खबर आधी मिळते. हे मी सांगायला गेलो तेवढ्यात गुवाहाटीचं चित्र गदगदलं.

"हालला! क्यामेरा हालला!" खालली आळी ओरडली.

फोनमधून हणमंताच्या बायकोचा आवाज आला. "मी न्हाई हालले, बाळानं लाथ मारली."

तात्यांनी हात वर केला. "बाळाचं मत धरायचं न्हाई. लाईन पैली कुनी तोडली?"

"त्या पांढऱ्यानं."

"मग मानकरी त्यो."

मांडवात जो गलका झाला तो मी लिहू शकत नाही. हा अंक घरोघरी वाचला जातो. तात्या ऐकेनात. "मशिनीला वाटलं त्यो हितंच हाय. मशिनीचं धरायचं ठरलंय. हणमंताला धरायचं आन् ह्याला न्हाई, असं कसं? कोन हाय ह्यो, मेकॅनिक?"

मी लॅपटॉपवर चौकशी केली. ओल्डकेबल नॉर्वेचा होता. बर्फ काढायचं यंत्र चालवतो. हा खेळ त्याचा जीव की प्राण, पण कित्येक महिन्यांत कुणी या खेळाची खोली उघडली नव्हती. आज उघडी दिसली, आत तीन माणसं दिसली, म्हणून आनंदाने आत आला होता. वर लिहिलं होतं, "आणखी एक डाव?"

"नॉर्वे कुठं आलं?" कुणीतरी विचारलं.

"लय वर," तानाजी वैतागून म्हणाला.

"वर म्हंजे वरल्या आळीचा!" वरली आळी पेटली. "आन् लाइट बी आबांच्या घरनं घेतलीया. आमच्या घरातनं आलेला पावना हाय त्यो!"

"नेट कुनाचं? नेट आमच्या हॉटस्पॉटचं! आमच्या दारातनं आलाय!"

तात्यांनी दोन्ही आळ्यांना खाली बसवलं. मानकरी परगावी असला तर त्याच्या नावाने बदली खांदा चालतो, पण बदली कोण हे मानकऱ्याने स्वतः सांगायचं आणि बदलीला पुन्हा बदली नाही, असा रिवाज निघाला. "इचारा पावन्यांना."

माझं इंग्रजी दुरुस्तीपुरतं आहे. मी लिहिलं, "साहेब, अभिनंदन. तुम्ही देवाचा पहिला खांदा जिंकला आहात. कृपया कुणाचा खांदा ते कळवा."

उत्तर आलं, "माझ्या बँकेचा नंबर मी देणार नाही."

मी पालखीचा, गर्दीचा, आबांचा, तात्यांचा फोटो काढून पाठवला. अख्खं गाव माझ्या खांद्यावरून लॅपटॉपमध्ये बघत होतं, जे माझ्या उंचीमुळे कुणालाही जड जात नाही. मग त्याने विचारलं, "हे खरं आहे?" मी लिहिलं, खरं आहे. "दुसरा कोण आला? त्याला द्या." मी लिहिलं, दुसरे दोघं आलेत आणि दोघांकडे पुरावा आहे. आबा माझ्या शेजारी उभे होते. त्यांचं इंग्रजीशी काही देणंघेणं नव्हतं, पण त्यांचा हात आपोआप खांद्यावर गेला होता. मी त्यांचं नाव सुचवणार होतो. खरंच सुचवणार होतो. तेवढ्यात पडद्यावर ओळ उमटली.

"जी लाल गाडी जागची हलली नाही ती कुणाची?"

"माझी."

"मग तुम्हीच. सगळ्या शर्यतीत खोली उघडी ठेवून बसलेला माणूस तो."

मी हे वाचून दाखवलं नाही. वाचून दाखवलं ते विट्याच्या कॉलेजात इंग्रजी शिकवणाऱ्या एका बाईंनी, माझ्या मागून, मोठ्याने.

"तात्या, मी जैन, आष्ट्याचा," मी म्हणालो. "मला कसा चालेल?"

"देवाला गाव कशाला सांगतोस? खांदा दे."

आबांनी माझ्या डोक्याला फेटा बांधायला मदत केली, तो डोळ्यांवर येत होता म्हणून. मला कुठे तोंड लपवावं कळेना; एका परीने फेट्याने ती सोय केली.

पालखी उचलली. मी पुढच्या टोकाला. मागचे सगळे गडी उंच, धिप्पाड. दांडा माझ्या खांद्यावर टेकवायचा तर पालखी पुढे कलंडणार. कलंडलीच. देवाचा मुखवटा पुढे घसरला, गुलालाचं ताट माझ्या फेट्यावर आलं. "आरं देव पडंल! वर घ्या!" तात्या ओरडले. मी टाचा उंचावल्या. उपयोग शून्य, आणि शून्य चुकीच्या जागी टाकण्यात तर माझा हातखंडा.

तेवढ्यात दांडा वर गेला. पालखी सरळ झाली. मी मागे बघितलं, तर माझ्या पाठीला छाती लागावी इतक्या जवळ आबा. "तोल जाया नगं म्हनून," असं काहीसं ते पुटपुटले. दांडा त्यांच्या घट्ट्यावर असा बसला होता, जणू तिथेच कापून घेतलेला. माझा खांदा आणि दांडा यांच्यात हात जाईल एवढी हवा होती.

हे सगळ्यांना दिसत होतं. तात्यांना दिसत होतं, ज्यांना बैलाचं नाक दिसतं. त्यांनी वाकून आपल्या पायताणाचा अंगठा बघायला सुरुवात केली. खालल्या आळीची पोरं तानाजीकडे बघायला लागली. बदलीला बदली नाही, हा रिवाज आताच ठरला होता. त्याने एक शब्द काढला असता तर आबांना दांडा सोडावा लागला असता. तानाजीने आबांच्या खांद्याकडे बघितलं. मग निवेदकाच्या पाठीवर थाप मारून म्हणाला, "बघत काय बसलाईस गड्या? पुकार की! चौगुले मेकॅनिकनी खांदा दिलाय!"

"खांदा दिला!" माइक दणाणला. "नॉर्वेच्या पावन्याच्या नावानं चौगुले मेकॅनिकनी खांदा दिला!" सगळ्या गावाने "चांगभलं" केलं. मी रिकामा हात वर करून दांड्याला धरल्यासारखं केलं आणि पाऊल टाकायला विसरलो.

मागून आबांचा आवाज आला, अगदी कानाशी. "मेकॅनिक, बसलायसा का हुबं हायसा?"

"उभाच आहे, आबा."

"मग चला की. पालखी आली."

वेशीपर्यंत चाललो. रोज सकाळचा रस्ता होता त्यांचा; एकदाही खांदा बदलला नाही. मी पुढे फक्त जागा अडवत होतो.

संध्याकाळी ओल्डकेबलला त्या मिरवणुकीचा फोटो पाठवला. मानकऱ्याचा हक्क होता. त्याने बहुधा मोठा करून बघितला असावा. लिहिलं, "तुमच्या खांद्यात आणि दांड्यात फट दिसते."

मी लिहिलं, "पालखीला दिसली नाही."

त्याने उंचावलेला अंगठा पाठवला.